गोळी चहात, पोतं घरात

सोलापुरात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या शर्टाच्या खिशात पूर्वी पेन असायचं, चष्म्याचं घर असायचं आणि तंबाखूची पुडी असायची. पेन मोबाइलने घालवलं. चष्मा नाकावरच कायमचा मुक्कामाला आला. तंबाखू डॉक्टरांनी सोडायला लावली, तीही बायकोच्या देखत, म्हणजे पळवाट ठेवली नाही. त्या रिकाम्या खिशात आता पांढरी प्लास्टिकची डबी आली आहे. डोक्यावरचं बटण दाबलं की टक् असा आवाज होतो आणि मसुरापेक्षाही बारकी गोळी खाली पडते. दोनदा टक् केलं की कपभर चहा गोड.

सकाळी सिद्धेश्वर तलावाकडून फिरून आलेली मंडळी चहाच्या गाडीभोवती जमली की या डब्या बाहेर निघतात. त्यावरून माणूस ओळखता येतो. बँकेतून निवृत्त झालेले गोळ्या मोजून टाकतात आणि डबी लगेच खिशात घालून वर हाताने चाचपतात. वकील दुसऱ्याच्या डबीतल्या घेतात. मास्तर गोळी टाकल्यावर कपात वाकून बघतात. ती तळाशी जाते, बारीक बुडबुडे सोडत वर येते, क्षणभर तरंगते आणि नाहीशी होते. मग सगळेच चमचा मागतात आणि ढवळतात. गोळी विरघळायला ढवळावं लागत नाही, पण चाळीस वर्षांचा हात ऐकत नाही.

चहावाल्याला ही मंडळी परवडत नाहीत. त्याच्या पातेल्यात पत्तीबरोबरच साखर पडते आणि सगळं एकत्र उकळतं. बिनसाखरेचा म्हटलं की वेगळं भांडं, वेगळी शेगडी, वेगळा वेळ. "आमची साखर वाचते, दोन रुपये कमी घे की," असं एकाने त्याला सुनावलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मालक, साखर स्वस्त हाय, गॅस महाग हाय. तुमच्याकडनंच दोन रुपये जास्त घ्यायला पायजेत." जिल्ह्यात तिसाहून जास्त साखर कारखाने असल्यावर साखर महाग वाटण्याचं कारणच नाही. इथे कारखान्याचा भोंगा, उसाच्या ट्रॉल्या आणि चेअरमनपदाची निवडणूक हे तीन ऋतू आहेत. शहरातल्या एका पेठेचं नावच साखर पेठ. तिथे मागांचा खडखडाट जास्त ऐकू येत आला, ही गोष्ट वेगळी.

अशा गावात साखर टाळायची म्हणजे माहेरच्या माणसांशी अबोला धरण्यासारखं आहे. म्हणून या गोळीची जरा चौकशी करावीशी वाटली. ही बया आली कुठून?

चौकशी केली आणि घरातल्या एका शिस्तीवरचा विश्वास डळमळला. हात धुऊन जेवायला बसावं, ही ती शिस्त. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ डांबराच्या पोटातले पदार्थ हाताळत होता. संध्याकाळी जेवायला बसला, पाव तोंडात घातला, तो गोड लागला. पावात साखर नव्हती. गोडी हाताची होती. त्याच्या जागी आपल्याकडचा कोणी असता तर आईच्या धपाट्याने तो मोरीकडे गेला असता आणि विषय तिथेच संपला असता. हा गृहस्थ उलट प्रयोगशाळेत पळाला आणि टेबलावरची भांडी एकेक करून चाटत सुटला. त्यातून सॅकरीन निघालं, साखरेच्या तीनशे-चारशे पट गोड.

हा एकच प्रकार असता तर योगायोग म्हटलं असतं. पण १९३७ साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा नावाच्या विद्यार्थ्याने टेबलाच्या कडेवर ठेवलेली सिगारेट उचलून ओठाला लावली आणि ती गोड लागली; ते सायक्लामेट. १९६५ साली सर्ल कंपनीत जेम्स श्लॅटर अल्सरच्या औषधाच्या मागे असताना कागद उचलायला बोट ओलं करायला गेला आणि त्याला अॅस्पार्टेम सापडलं. दोनच वर्षांनी जर्मनीत कार्ल क्लाउसने अशाच कागदासाठी असंच बोट चाटलं, ते अॅसेसल्फेम. शंभर वर्षं मोठमोठ्या प्रयोगशाळांत हात न धुणाऱ्यांनी जगाची चहाची सोय केली. सुरक्षिततेचे नियम पाळणारे सहकारी अर्थातच मागे राहिले.

या मालिकेतला शेवटचा मोठा मान मात्र आपल्याकडे येतो. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हा तरुण संशोधक काम करत होता. टेट अँड लाइल या साखर कंपनीसाठी काम चाललं होतं: साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडला तर काय होतं ते बघायचं. फडणिसांना एक पदार्थ तपासायला सांगितला, त्यांनी ऐकलं की चाखायला सांगितलाय. मराठीत दोन्ही 'टेस्ट'च, तेव्हा कानाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी निमूटपणे चाखला. तो साखरेच्या सहाशे पट गोड निघाला. तेच आजचं सुक्रालोज, आणि सोलापुरातल्या बऱ्याच डब्यांत तेच असतं. प्रयोगशाळेतली क्लोरीनयुक्त पूड वरिष्ठांनी सांगितली म्हणून जिभेवर ठेवायची, ही आज्ञाधारकता मला फार घरगुती वाटते. शिवाय पैसा कोणाचा, तर साखर कंपनीचा. साखरेला पर्याय शोधायलाही साखरच कामाला आली.

गोडी फुकट मिळाली म्हटल्यावर संशय येणारच. फुकटचं पचत नाही, असं आपण म्हणतो. अमेरिकेतही तसंच म्हणतात बहुधा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथल्या अन्नशुद्धीवाल्या डॉ. वायली यांनी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसमोर सॅकरीनविरुद्ध तोंड उघडलं. रूझवेल्टना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरीन देत. ते भडकले आणि सॅकरीनला वाईट म्हणणारा मूर्ख आहे, असं त्यांनी ऐकवून टाकलं. वायलींची पत तिथून उतरणीला लागली. पुढे महायुद्धांत साखर मिळेना तेव्हा युरोपभर सॅकरीनवरच चहा-कॉफी चालली, तेव्हा संशय घ्यायला कोणाला सवड नव्हती. १९७७ साली मात्र उंदरांनी घात केला. त्यांना भरमसाठ सॅकरीन दिलं, तर मूत्राशयात गाठी दिसल्या. अमेरिकेत बंदी येता येता राहिली, पुड्यांवर इशारा छापला गेला. तो इशारा निघाला २००० साली, कारण उंदराच्या लघवीत जे घडतं ते माणसाच्या लघवीत घडत नाही असं ठरलं. इतकी वर्षं गेली ती हा फरक ओळखण्यात.

तेवढ्यात २०२३ उजाडलं. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोळ्यांचा आधार घेऊ नका, लांबच्या पल्ल्यात त्याचा उपयोग दिसत नाही. हा सल्ला ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना लागू नाही, असंही त्याच दमात लिहिलं होतं. पण ते वाक्य व्हॉट्सअॅपवर येईपर्यंत गळून पडलं. जुलैत कर्करोगावर काम करणाऱ्या त्यांच्याच शाखेने अॅस्पार्टेमला 'शक्यता आहे' या गटात टाकलं, आणि त्याच दिवशी दुसऱ्या समितीने सांगितलं की रोजची मर्यादा होती तीच राहू द्या: शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाचे २,४०० मिलिग्रॅम होतात. अॅस्पार्टेमच्या एका गोळीत ते साधारण १८ ते २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे मर्यादा ओलांडायला दिवसाला सव्वाशेच्या आसपास गोळ्या लागतील. एवढं टक् टक् करणाऱ्याचा अंगठा आधी जाईल.

आमच्या काकांनी ती बातमी वाचली आणि डबी कचऱ्यात टाकली. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. शहरात घर, भीमाकाठी थोडा ऊस, आणि एका साखर कारखान्याचे जुने सभासद. डबी टाकून ते रोजच्याप्रमाणे कोरफडीचा रस प्यायले. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क त्याच संस्थेच्या त्याच गटात अॅस्पार्टेमच्या आधीपासून बसलेला आहे, आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, "ते इंग्रजी कोरफडीचं असंल." दोन दिवसांनी काकूंनी नवी डबी आणली.

गोळीने भलं होतं की नाही, याचं सरळ उत्तर मला चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या एका अभ्यासात सापडलं. आपल्याला पटेल असा हा अभ्यास, कारण तो चहा-कॉफीवरचा आहे. टाइप-२ मधुमेह असलेल्या भारतीय लोकांच्या एका गटाला चहा-कॉफीतली साखर बारा आठवडे बदलून सुक्रालोज दिलं, दुसऱ्याची साखर तशीच ठेवली. वजन थोडंसं उतरलं, कंबर थोडीशी आत गेली. तीन महिन्यांची साखर दाखवणाऱ्या तपासणीत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे गोळीने वाईट काही केलं नाही, चांगलंही बेतानेच केलं. आपल्या घरातल्या अनेक जावयांबद्दल एवढंच म्हणता येतं.

त्याचं कारण समजायला मला अभ्यासाची गरज पडली नाही, काकांचा हिशोब पुरेसा होता. एका चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर धरली तर एका कपाचे दोन चमचे म्हणजे पस्तीस-चाळीस कॅलरी वाचतात. दिवसाचे चार चहा धरले तर दीडशे. ही बचत काका डोक्यात जमा करतात आणि संध्याकाळी नवी पेठेतून येताना जिलबीच्या दुकानासमोर त्यांना ती आठवते. "सकाळपासून साखर घेतली नाही बघ," असं म्हणत घेतलेली पाव किलो जिलबी ही माझ्या मते या गोळीची सगळ्यात मोठी करामत आहे. रक्तावर परिणाम करणारी औषधं पुष्कळ आहेत. सद्सद्विवेकबुद्धीवर थेट परिणाम करणारी ही एकच.

आणि साखर म्हणजे नुसती गोडी, हा या गोळीवाल्यांचा गैरसमज स्वयंपाकघरात गेल्यावर टिकत नाही. आमच्याकडची शेंगापोळी घ्या. शेंगदाणे खमंग भाजायचे, सालं पाखडायची, कूट बारीक करायचं, किसलेला गूळ त्यात मळायचा, दाणे तेल सोडू लागले की सारण हाताला चिकटेनासं होतं. मग ते पोळीत भरून कडेपर्यंत लाटायचं आणि तव्यावर खरपूस होऊ द्यायचं. यात गूळ गोडीही देतो आणि जागाही धरतो. सारणाला ओलावा तोच देतो, तव्यावर रंग तोच आणतो, दोन दिवस पोळी मऊ तोच ठेवतो. त्याच्याऐवजी सहाशे पट गोड पूड घालायची, तर वाटीभर गुळाच्या जागी नखावर मावेल एवढी पुरेल. उरलेल्या वाटीत काय घालायचं? अॅस्पार्टेमची तर आणखी वेगळी तऱ्हा आहे: ते उष्णतेने मोडतं आणि गोडी सोडून देतं. खिरीत ते घालून उकळलं तर अर्ध्या तासाने हातात नुसती शेवयांची लापशी येते आणि घरात भांडण.

पाडव्याच्या गाठीचं तर बोलायलाच नको. लाकडी साच्यात दोरा अंथरून कढत पाक ओततात, पाक पांढरा पडतो, गार झाला की साचा उघडून बत्ताशांची माळ हातात येते. त्यात साखर आणि दोरा सोडून तिसरं काही नसतं. संक्रांतीच्या हलव्याचंही तेच: मंद आचेवर परातीत तीळ, वर चमचा चमचा पाक, आणि तळहाताने हलक्याने फिरवत राहायचं. तासन्तास फिरवल्यावर त्याला काटा धरतो. काटा हा स्फटिकांचा असतो, तो साखरेलाच येतो. नव्या सुनेच्या गळ्यात सुक्रालोजचे दागिने घालायची कल्पना करून बघा.

मिठाईवाल्यांनी यावर तोडगा काढला आहे. त्यांच्या 'शुगर फ्री' बर्फीत बहुतेक वेळा माल्टिटॉलसारखा पदार्थ असतो. तो साखरेसारखाच भरीव, गोडीला जरा कमी आणि कॅलरीला साधारण निम्मा. पण आतड्यात तो पुरता शोषला जात नाही, आणि जे शोषलं जात नाही ते पुढे काय करतं हे सांगायची गरज नाही. म्हणून अशा खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर रेचक परिणामाचा इशारा छापणं नियमाने भाग आहे. तो अक्षरांच्या इतक्या बारीक आकारात असतो की मधुमेहाने नजर अधू झालेल्याला दिसू नये. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तो आपोआप समजतो. खजुराच्या बर्फीवरही 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं. खजुरात देवाने आधीच घालून ठेवलेली असते, वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश.

गूळवाल्यांना दोनच ओळी. आपल्याकडे मधुमेह झाला की माणूस आधी साखर सोडून गुळाचा चहा धरतो आणि लोकांना सांगत सुटतो. गुळात थोडं लोह असतं, चव फार चांगली असते, आणि बाकी बहुतेक साखरच असते.

मला जास्त गंमत वाटते ती आमच्या रानाची. या जिल्ह्यात पाऊस पडतो सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, त्यातही एखाद्या वर्षी रुसतो. अशा पावसावर जे पीक निष्ठेने यायचं ते ज्वारीचं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या आजोबांना ते मानांकन कळलं असतं तर ते विचारात पडले असते, कारण त्यांच्या लेखी ज्वारी ही सांगायची गोष्टच नव्हती. पाहुणे आले की चपाती आणि घरच्यांना भाकरी, एवढा सरळ मामला. उसाचं म्हणाल तर १९३२ साली सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण दिलं आणि त्या दशकात नीरेच्या कालव्यावर माळीनगर, श्रीपूरसारख्या ठिकाणी कारखाने उभे राहिले. पुढे १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि भीमेच्या दोन्ही काठांनी ऊस चढत गेला. उसाला पाणी लागतं आमच्या पावसाच्या तिप्पट तरी. पण त्याचा भाव ठरलेला, कारखाना जवळ, तोडणीला टोळी कारखानाच पाठवणार. ज्वारीसारखी काढणी, मळणी आणि पाखरं हाकलणं नको. कोणत्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

आजोबांनंतर काकांनी तेच केलं. ज्वारी मोडली, ऊस लावला, बिलाच्या पैशातून शहरात घर बांधलं, मोटरसायकल घेतली, चालणं बंद झालं, ताटात गव्हाची चपाती आणि चहात दोन चमचे आले. मग एके दिवशी रिपोर्ट आला. देशात असे सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत असं आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीने २०२३ साली जाहीर केलं, तेव्हा काका म्हणाले की आपण एकटे नाही हे ऐकून बरं वाटलं. डॉक्टरांनी फी घेतली आणि कागदावर लिहून दिलं: रोज चालणं, रात्री ज्वारीची भाकरी. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्षही पाळलं. काकांनी बाजारातून ज्वारी आणली आणि भाव ऐकून पिशवी खाली ठेवली. "हितं आपल्या रानात पोत्यानं पडायची रं," एवढंच म्हणाले. भाकरीसुद्धा पिष्टच असते, तीन भाकऱ्या चेपल्या तर रक्तातली साखर वर जातेच, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते काकांनी व्हॉट्सअॅपच्या पद्धतीने ऐकलं.

घरात साखरेचा खरा इलाज केला तो काकूंनी, आणि कोणाला न सांगता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. म्हणजे साधारण सहा चमचे. काकूंनी टक्के काढले नाहीत. त्यांनी साखरेच्या डब्यातला चमचा बदलला. जुना पोहे खायचा होता, त्याजागी बारशाच्या वाटीतला इवलासा चमचा आला. दोनाचे दोनच चमचे पडत राहिले. मुलांनी कुरकुर केली ती दुधाबद्दल: हल्ली दूध पातळ येतं. दूधवाल्याला दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. मग थोड्या दिवसांनी दूधही घट्ट यायला लागलं, असं सगळ्यांचं एकमत झालं.

काकांच्या बाबतीत त्यांनी डबीलाच हात घातला. आधी दोन गोळ्यांची एक झाली: "दुकानात संपल्यात, पुरवून वापरा." मग एखाद्या चहाला एकही नाही. काका गोळीच्या बाजूने बरंच भांडले. पण जीभ ही फार लवचीक वस्तू आहे. ती चांगल्याला सोकावते तशी नसण्यालाही सोकावते, फक्त तिला घाई चालत नाही. गोळीचा मला जो राग आहे तो इथेच आहे. ती रक्ताला फसवत नाही, जिभेला मात्र होती तिथेच बसवून ठेवते. गोड हवंच, आणि एवढंच हवं, हा जिभेचा हट्ट गोळी बिनखर्चाने पुरवते. कॅलरी वाचतात, हट्ट शाबूत. पूर्ण साखरेवरून एकदम उतरणाऱ्याला ती पायरी म्हणून चांगली आहे, याबद्दल दुमत नाही. पायरीवरच संसार मांडणारे लोक मी रोज तलावाच्या काठी बघतो.

मधुमेह काकूंना नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे पाहुणे येतात तेव्हा तिळगूळ त्या सढळ हाताने वाटतात, गव्हाची हुग्गी करतात, वर तूप सोडतात. काकांच्या हातावरही एक वडी ठेवतात. "गोड खाऊ नका म्हणून सणाला सांगायचं नसतं," हा त्यांचा नियम आहे. तो आहारशास्त्रात बसत नसेल, पण त्यांच्या घरात वर्षाला सण मोजकेच असतात आणि मधले दिवस त्या सोडत नाहीत.

एका बाबतीत मात्र काकूंचंही चालत नाही, ती म्हणजे सभासदांची साखर. दिवाळीच्या तोंडावर कारखाना सभासदांना सवलतीच्या दराने साखर देतो. कार्ड दाखवायचं, शिक्का मारून घ्यायचा, पैसे भरायचे, पोतं उचलायचं. काका पहाटे उठून रांगेत उभे राहतात. रांगेत निम्म्याहून अधिक लोकांच्या खिशात ती पांढरी डबी असते. बाजारभावाशी तुलना केली तर वाचतात थोडेच रुपये आणि रिक्षाला त्यातलेच जातात. पण तो पैशाचा प्रश्नच नाही. शेअर घेतला तेव्हा काकांच्या वडिलांनी बैल विकला होता, असं घरात सांगतात. त्या बैलाची साखर सोडायची कशी? पोतं घरी येतं, काकू कपाळावर हात मारतात, मग ते पोटमाळ्यावर चढतं. वर्षभर ते वाटलं जातं: लेकीला, कामवालीला, देवळातल्या प्रसादाला, शेजारच्या बारशाला. पुण्याच्या लेकीने गेल्या खेपेला पिशवी परत पाठवली. तिच्या गॅलरीत आता स्टीव्हियाचं कुंडीतलं झाड आहे. मूळचं ते पराग्वेकडचं. पान चघळलं तर आधी गोड आणि मागून कडवट लागतं. काकांनी ते चघळून बघितलं आणि मुलीला फोनवर सांगितलं की झाड चांगलं आहे, बकरीला घालायला.

गेल्या सप्टेंबरात कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. काकांनी मलाही सोबत नेलं. मंडप, गाद्या, अहवालाचं पुस्तक, मग उसाच्या एफआरपी दरावरून आरडाओरडा, उताऱ्यावरून आरडाओरडा, मंजूर-मंजूर, आणि मग चहा. कारखान्याचा चहा तो. त्यात साखर किती घालायची याला मर्यादा कोण घालणार? कप हातात आला की बोटं चिकटत होती. काकांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि वाढणाऱ्या पोराला हाक मारली.

"बिनसाखरेचा हाय का रं?"

पोरगं किटली धरून थांबलंच. आजूबाजूचे दहा-पंधरा सभासद वळून बघायला लागले.

"काय मालक," ते म्हणालं, "साखर कारखान्यात येऊन बिनसाखरेचा मागताय?"

काका म्हणाले, "सभासद हाय मी. गिऱ्हाईक न्हवं."